लेकीला ढोलपथकात जायचंय, सर नको म्हणतात: खेळाडू मुलांच्या विरंगुळ्याचं काय करायचं?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण गेले आठ दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून धागा काढतेय. जरा लांबण लागेल.

लेक अकरावीत आहे, ८०० मीटर धावते. सहावीपासून सणस मैदानावर जाते. पहाटे पावणेपाचला उठायचं, साडेपाचला ट्रॅकवर, साडेसातला घरी. मग आंघोळ, डबा, कॉलेज, दुपारी क्लास. आठवड्यातून तीन संध्याकाळी जिम. रविवारी तळजाईवर लांब पल्ल्याचं धावणं. रात्री साडेनवाला पुस्तक हातात असतानाच डोळे मिटतात. हे सगळं तिने स्वतःहून धरलंय, आमची जबरदस्ती कधीच नव्हती. आणि तिचे सर म्हणजे देवमाणूस. हे आधीच सांगते, कारण या धाग्यात मला त्यांना नावं ठेवायची नाहीयेत.

गेल्या महिन्यात तिची सांगलीची आत्या आली होती. जेवताना आत्याने सहज विचारलं, "काय गं, धावणं नि अभ्यास सोडून काय करतेस तू?" लेक भात कालवत होती, तिचा हात थांबला. बराच विचार करून म्हणाली, "झोपते." आत्या हसली आणि विषय तिथेच संपला. मला मात्र रात्री डोळ्याला डोळा लागेना. पाचवीत ही पोरगी वहीच्या मागच्या पानांवर सारखी चित्रं काढायची. ते कधी थांबलं, हेच मला आठवेना.

तर मुद्दा असा. तिच्या वर्गातल्या दोघी ढोलपथकात आहेत. नदीपात्रात सराव सुरू झालाय आणि हिला जायचंय. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ग्राउंड किंवा पथक, एक काय ते ठरव." जिल्हास्तर शालेय स्पर्धा सप्टेंबरच्या अखेरीस आहेत, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मी त्या दिवशी सरांचीच बाजू घेतली. लेक वाद घालणाऱ्यातली नाही. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिली, सुटल्या तरी सोडतच राहिली.

तुमच्यापैकी कुणाची मुलं खेळात असतील, कुणी स्वतः खेळलं असेल. खेळ आणि अभ्यास यापलीकडे तुम्ही काय करायचात? वेळ कुठून काढायचात? आणि ते हवंच असतं का, की मीच जिवाला लावून घेतेय?

चढाईपटू

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सरांचं ऐका.

मी पेठेतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळलो, ऐंशीच्या दशकात. आम्हाला वेगळा विरंगुळा कुणी शोधून द्यावा लागला नाही. सराव संपला की मैदानाच्या कडेला बसायचं, पायाची माती वाळेपर्यंत. मग मंडळात कॅरम. कधीतरी रविवारी पहाटे सायकली काढून सिंहगडाचा पायथा, वर चढून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, दुपारी परत. घरी कुणी विचारायचं नाही की एवढा वेळ कुठे होतास. आता या मुलांच्या दिवसात बोट घालायला जागा नाही. त्यात आणखी एक गोष्ट कोंबायची म्हणजे ती झोपेतूनच काढणार.

आणि ढोल मी स्वतः वाजवलाय. पुण्यातली विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या वर चालते. आपलं पथक त्यातले काही तास वाजवतं हे खरं, पण आधी रांगेत ताटकळणं असतं ते वेगळंच. नंतर चार दिवस मला जिना उतरता येत नसे. महिना-अखेरीला जिल्हास्तर असलेल्या पोरीच्या पायांचं असं करू नका.

फिजिओ_कोथरूड

माझ्याकडे दर आठवड्याला शाळा-कॉलेजातली खेळाडू मुलं येतात आणि ऑगस्टपासून ढोलवादकही येतात. त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते.

आधी ढोल. तो कमरेला बांधला की वजन पुढे येतं आणि तोल सांभाळायला माणूस कंबर मागे वाकवतो. दोन-तीन तास तसंच उभं राहून वाजवायचं. एका हातात टिपरू, दुसरा हात उघडा, म्हणजे दोन्ही खांद्यांवर वेगवेगळा ताण. पहिल्या वर्षीच्या मुलांचं कंबरेचं दुखणं बहुतेक इथूनच सुरू होतं. नडगीच्या दुखण्याशी झगडणाऱ्या धावपटूने हा उद्योग करावा असं मी म्हणणार नाही. शरीराला हौस आणि सराव यातला फरक कळत नाही, दोन्हींची बेरीज त्याच खात्यात होते.

कानांचंही सांगते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात, १०० डेसिबलच्या वरचे आकडे त्यांनी वेळोवेळी नोंदवलेत. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर पुढच्या दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० ला उरतात १५ मिनिटं. कानात कापूस घालून फारसं काही होत नाही, औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळेच हवेत आणि ते नीट पिळून आतपर्यंत बसवायला हवेत.

पण ताई, तुमची पोस्ट वाचून मी वेगळ्याच ठिकाणी अडखळले. सकाळचे दोन तास, सहा दिवस, झाले १२. जिम तीन दिवस दीड-दीड तास, झाले साडेसोळा. रविवारचं धावणं धरून १८. आमच्यात एक ढोबळ आडाखा आहे: मुलाचं वय जितकं, तितक्या तासांच्या पुढे आठवड्याचा ठरवून दिलेला सराव जाऊ नये. तुमची लेक सोळाची असावी. आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की त्या खेळापासून आठवड्याला किमान एक दिवस आणि वर्षात, तुकड्या-तुकड्यांनी का होईना, तीन महिने सुट्टी हवी. तुम्ही लिहिलेल्या आठवड्यात सुट्टीचा वार कोणता?

मुठाकाठची

फिजिओताई, नाहीच्चे. सात बोटं मोजली आणि गप्प बसले. आजवर हे लक्षातच आलं नव्हतं, कारण रविवारला आम्ही घरात "तळजाईचा दिवस" म्हणतो, म्हणजे सुट्टीच असल्यासारखं.

सातासमुद्रापलीकडे

मी पुण्यात टिळक तलावावर पोहायला शिकले आणि पुढे अमेरिकेत कॉलेजच्या संघातून चार वर्षं पोहले. तिथे कॉलेजच्या खेळांची जी मोठी संघटना आहे, एनसीएए, तिचा नियमच आहे: हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. ऐकायला छान वाटतं. पण त्या २० तासांत प्रवास नाही, फिजिओकडचा वेळ नाही, आणि "ज्याला वाटेल त्याने यावं" असे जादाचे सराव नाहीत. त्यांना न जाण्याची हिंमत कुणाला होत नसे.

सांगायचंय ते सुट्टीच्या दिवसाबद्दल. पहिलं वर्षभर मी तो दिवस संघातल्या मुलींबरोबरच काढला. एकत्र स्वयंपाक, सिनेमे, सगळं. मजा यायची, खोटं नाही सांगत. पण दहा मिनिटांत गाडी फिरून टायमिंगवर यायची. कुणाचा खांदा, कुणाचं वजन, कोच कुणावर चिडला. रविवारी रात्री मी शनिवारपेक्षा जास्त थकलेली असायची आणि कारण कळायचं नाही.

दुसऱ्या वर्षी मी कुंभारकामाच्या वर्गाला नाव घातलं. चाकावर मातीचा गोळा मधोमध बसवणं मला दोन महिने जमलं नाही. सारखा एका बाजूला पळायचा. शेजारी पासष्टीच्या एक बाई बसायच्या, त्यांनी वर्षभरात एकदाही मला विचारलं नाही की मी कुठल्या संघात आहे. त्यांना फक्त माझ्या वाडग्याचा काठ जाड होतोय हे दिसायचं. तेवढ्या दोन तासांत मी कुणाची स्विमर नव्हते. तो वाडगा अजून माझ्याकडे आहे, मीठ ठेवते त्यात.

तुमच्या लेकीला ढोलच हवाय असं मला वाटत नाही. जिथे तिला कुणी "८०० मीटरवाली" म्हणत नाही अशी जागा तिला हवी असावी. तिला एकदा विचारून बघा.

काळं_पांढरं

बुद्धिबळवाल्यांचं उदाहरण देतो, कारण आमच्यात हा प्रश्न आणखी अवघड आहे. दमलो म्हणून शरीर थांबवतं तसं डोकं थांबवत नाही, हरलेला डाव अंथरुणातही चालू राहतो. विश्वनाथन आनंद यांना आकाशनिरीक्षणाचा छंद आहे. २०१५ मध्ये एका लघुग्रहाला त्यांचं नाव मिळालं, ४५३८ विशीआनंद. जगज्जेत्या माणसाला पटाबाहेर बघायला एवढं मोठं आकाश लागलं, तर आपल्या पोरांना नदीपात्र लागणारच.

पडद्यामागचा

मी बॅडमिंटन खेळतो, राज्यस्तरापर्यंत पोचलोय, आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून कॉलेजच्या नाटकात लाइट्स करतो. म्हणून दोन्ही सांगतो, चांगलं आणि वाईटही.

वाईट आधी. गेल्या वर्षी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस तालमी रात्री एक-दीडपर्यंत चालल्या. त्याच आठवड्यात माझी आंतरमहाविद्यालयीन मॅच होती आणि मी पहिल्या फेरीत हरलो, तेही ज्याला दोनदा हरवलंय त्याच्याकडून. शटल दिसत होतं, पाय पोचत नव्हते. नाटकाला दोष नाही, मी "नाही" म्हणायला शिकलो नव्हतो. यंदा ग्रुपला सुरुवातीलाच सांगितलं की साडेनवाला मी निघणार. कुणी काही बोललं नाही.

आता चांगलं. कोर्टवर मी एकटा असतो, गुण माझा, चूक माझी, आणि समोरच्या भिंतीवर आकडा. भरत नाट्य मंदिरात अंधारात डिमरवर बोट ठेवून उभा असतो तेव्हा मला कुणीही बघत नसतं. नटाने वाक्य संपवून श्वास घेतला की हळूहळू उजेड खाली आणायचा. ते नीट झालं तर प्रेक्षकाला कळतसुद्धा नाही. मला त्यातून जे समाधान मिळतं ते मी जिंकलेल्या एकाही चषकाने दिलं नाही. बाहेर आल्यावर "आव्वाज कुणाचा" सुरू झालं की घसा बसेपर्यंत ओरडतो. दुसऱ्या दिवशी कोर्टवर पाय हलके वाटतात. का ते मला नीट सांगता येत नाही, पण वाटतात.

हॉस्टेलवाल्याची_आई

आमचा मुलगा एका निवासी प्रबोधिनीत आहे, कुस्ती. सगळं उत्तम आहे, खाणं, मॅट, कोच. पण रात्री आठ ते दहा मुलं काय करतात? फोन. खोलीत चार पलंग, चार फोन. आधी कॅरम होता, भांडणं होतात म्हणून कपाटात गेला तो परत आला नाही. सुट्टीत घरी आला की जेवतानाही अंगठा हलत असतो. मी विचारलं, "यात करमतं का रे?" तर म्हणाला, "करमत नाही, पण दुसरं काय करू?" ताई, तुमची मुलगी स्वतःहून चार माणसांत जायचं म्हणतेय. नाही म्हणण्याआधी हे एकदा मनात आणा.

वाळूचा_खड्डा

मी १९ वर्षांची आहे, लांब उडी मारते. इथे बहुतेक आई-बाबा मंडळी लिहितायत म्हणून मुद्दाम लिहितेय.

प्लीज आमच्या मोकळ्या वेळाचा क्लास करू नका. नववीत माझा गुडघा दुखावला तेव्हा "मन रमेल" म्हणून घरच्यांनी मला हार्मोनियमला घातलं. मला आवडायला लागलं होतं. तर तीन महिन्यांत परीक्षेचा फॉर्म आला. मग रियाजाची वही आली, मग शेजारच्या काकूंच्या मुलीला किती मार्क पडले ते आलं. मी पेटी बंद केली ती आजतागायत उघडलेली नाही.

आमची प्रत्येक गोष्ट कुणीतरी मोजत असतं. उडी सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, बारावी टक्क्यांत, वर ग्रेस मार्क किती मिळणार तो हिशेब वेगळा. घड्याळ तर झोपसुद्धा मोजतं. मी गुरुवारी वेताळ टेकडीवर जाते. खाणीच्या कडेला, पाणी दिसेल असं बसते. घड्याळ घरी काढून ठेवते. कधी मोर ओरडतात, कधी कुणाचा तरी कुत्रा येऊन शेजारी बसतो. घरी आल्यावर बाबा विचारतात, "किती किलोमीटर झाले?" त्यांना प्रेमानेच विचारायचं असतं, मला माहितेय. पण मी सांगत नाही.

काकू, तिला जाऊ द्या. आणि ती तिथून आल्यावर "आज काय शिकलीस" असं विचारू नका.

चढाईपटू

वाळूचा खड्डा, बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. माझा नातू तेरा वर्षांचा आहे, टेबल टेनिस खेळतो. काल मीही त्याला हेच विचारलं, पतंग उडवून आला तेव्हा. किती काटलेस?

झोपेबद्दल मी जे लिहिलं त्यावर ठाम आहे. बाकीचं मागे घेतो.

फिजिओ_कोथरूड

झोपेबद्दल काका बरोबरच आहेत. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. त्यामुळे माझं म्हणणं असं: पथकात जाऊ दे, पण ढोल नको. बऱ्याच पथकांत टोल, म्हणजे ठोकून वाजवायची धातूची थाळी, गाड्यावर टांगलेला असतो, अंगावर ओझं येत नाही. मात्र टोलाजवळ आवाज प्रचंड, तेव्हा कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहायचं नाही. आणि सरावाचा एक दिवस कमी करून घ्या. पथक असो वा नसो, तो दिवस तिचा आहे.

मुठाकाठची

परवा सरांना भेटले. एकटीच गेले, लेकीला नेलं नाही. फिजिओताईंनी केलेली बेरीज कागदावर लिहून नेली होती, तोंडाने सांगताना माझा गोंधळ उडतो म्हणून. सरांनी कागद घेतला, खिशातून पेन काढलं, स्वतः परत बेरीज केली. मग बराच वेळ ट्रॅककडे बघत उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, जिमचं वेळापत्रक दुसऱ्या सरांनी दिलंय, माझं मी दिलंय. दोन्ही एका कागदावर कधी लिहिलेच नाहीत आम्ही."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचा एक मुलगा, चांगला चारशेवाला, काही वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या गर्दीत पाय मुरगळून पडला आणि त्याचं ते वर्ष गेलं. त्याच्या घरची परिस्थिती बेताची होती, राज्यस्तराचं पदक आलं असतं तर पुढे ५ टक्के खेळाडू आरक्षणातून नोकरीची आशा होती. "तेव्हापासून गणपती जवळ आले की माझ्या पोटात गोळा येतो," म्हणाले. इतकी वर्षं ओळखते त्यांना, हे मला माहीत नव्हतं.

ठरलंय ते असं. गुरुवारी ग्राउंड नाही, जिम नाही, काहीच नाही. पथकात आठवड्याला तीन दिवस, टोलावर, साडेआठला घरी. विसर्जनाच्या दिवशी फक्त पहिला टप्पा, मग मी जाऊन घेऊन येणार. लेकीला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "सर रागावले नाहीत ना?"

सातासमुद्रापलीकडे

वाचून फार बरं वाटलं. सरांना माझा नमस्कार सांगा.

मुठाकाठची

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतेय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

गणपती झाले. जिल्हास्तरही झालं. ती तिसरी आली, २ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे गेल्या वर्षीएवढंच. पथकामुळे वेळ सुधारली असं मला सांगता येणार नाही आणि बिघडली असंही नाही. सर म्हणाले, शेवटच्या दीडशेत खांदे मोकळे होते, एवढंच.

पण एक संध्याकाळ सांगते. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिला आणायला नदीपात्रात गेले होते. पाऊस नुकताच थांबलेला, पत्र्याच्या शेडवरून पाणी गळत होतं. पंचवीस-तीस ढोल, चार ताशे. ही गाड्याजवळ उभी, केसांना रुमाल बांधलेला, कानांत पिवळे बोळे, डोळे ताशेवाल्यावर. ताशाने उठाव घेतला आणि हिचा ठोका पडला, सगळ्यांच्या बरोबर. मग एकदा चुकला. मी नकळत तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कारण ट्रॅकवर चुकली की तिचा जबडा आवळतो, मला शंभर मीटरवरून कळतं. इथे ती हसली. शेजारच्या मुलीने कोपर मारलं, तीही हसली, आणि पुढचा ठोका बरोबर पडला.

गाडीवर मागे बसून घरी येताना माझ्या पाठीवर बोटांनी तोच हात वाजवत होती. मी काही विचारलं नाही.

गुरुवार अजून पाळतो. मागच्या गुरुवारी दुपारभर लोळली, मग माळ्यावरून जुनी रंगांची पेटी काढली. रंग वाळून खडे झाले होते. पाणी घालून बघितले, दोनच चालले, निळा आणि एक मातकट. त्यातच काहीतरी करत बसली होती.

आता म्हणते पुढच्या वर्षी ताशा शिकायचाय. फिजिओताई, ताशा गळ्यात अडकवतात ना, त्याने मानेला त्रास होतो का? आत्ताच विचारून ठेवते.

फिजिओ_कोथरूड

पट्टा कसा बांधला यावर आहे. रुंद पट्टा हवा, आणि आधी मान-खांद्यांची ताकद वाढवावी लागेल. मे महिन्यात एकदा घेऊन या तिला, येताना ताशाही आणा.